ओरायनची किंमत कोणी मोजायची?

माणसाला मंगळावर पाठविण्याच्या गोष्टी गेल्या काही वर्षांत पुन्हा गंभीरपणे बोलल्या जाऊ लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर अणुशक्तीवर चालणाऱ्या यानांचा विषयही पुन्हा निघू लागला आहे. अणुभट्टीच्या उष्णतेवर चालणाऱ्या अग्निबाणाचा 'ड्रेको' हा प्रकल्प अमेरिकेने २०२१ मध्ये हाती घेतला आणि २०२५ मध्ये गुंडाळला. अशा चर्चेत एका जुन्या योजनेचे नाव आज ना उद्या निघतेच. ती योजना म्हणजे 'ओरायन'. यानाच्या मागे एकामागून एक अणुबॉम्ब फोडायचे आणि त्या धक्क्यांनी यान पुढे ढकलायचे, अशी ती कल्पना होती. प्रथम ऐकणाऱ्याला ती वेडगळ वाटते. परंतु १९५८ ते १९६५ अशी सात वर्षे अमेरिकेतील काही अत्यंत बुद्धिमान शास्त्रज्ञांनी तिच्यावर सरकारी खर्चाने काम केले आणि ती अशक्य ठरविणारा निर्णायक दोष त्यांना अखेरपर्यंत सापडला नाही. मग ती बंद का पडली? या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानापेक्षा अर्थशास्त्रात आणि राजनीतीत अधिक सापडते. म्हणूनच साठ वर्षांनंतरही तो प्रश्न शिळा झालेला नाही.

कडबा वाहणारी बैलगाडी

कोणताही अग्निबाण मागे काही तरी फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जातो. मागे फेकलेल्या वायूचा वेग जितका अधिक, तितके कमी इंधनात काम भागते. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन ही रासायनिक इंधनांतील उत्तम जोडी समजली जाते; पण तिच्या ज्वलनातून निघणाऱ्या वायूचा वेगही सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या फारसा पुढे जात नाही. यानाला या वेगाच्या दुप्पट वेग द्यावयाचा असेल तर निघतानाचे वजन अखेरच्या वजनाच्या सात पटींहून अधिक ठेवावे लागते; तिप्पट वेगासाठी ते वीस पट होते. इंधन वाहण्यासाठी इंधन आणि ते वाहण्यासाठी आणखी इंधन, असा हा चक्रवाढ व्याजाचा हिशेब आहे. दूरच्या गावी कडबा घेऊन निघालेल्या गाडीचे बैल वाटेत तोच कडबा खात राहावेत आणि गावी पोहोचेपर्यंत गाडीत दोन-चार पेंढ्याच उराव्यात, तशातला हा प्रकार. चंद्रावर माणसे नेणारा 'सॅटर्न ५' हा अग्निबाण निघताना सुमारे २,९०० टनांचा होता; त्यातून चंद्राच्या वाटेला लागणारे यान सुमारे ४५ टनांचे असे आणि समुद्रात परत उतरणारी कुपी जेमतेम पाच-साडेपाच टनांची.

एक किलो युरेनियमच्या विखंडनातून मिळणारी ऊर्जा तितक्याच वजनाच्या रासायनिक इंधनाच्या दहा लाख पटींहूनही अधिक असते. साहजिकच अणुशक्तीकडे लक्ष गेले. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. अणुभट्टीतून हायड्रोजन तापवून सोडायचा म्हटले, तर भट्टी स्वतः वितळणार नाही इतकेच तापमान ठेवता येते. त्यामुळे असा अग्निबाण रासायनिक अग्निबाणाच्या सुमारे दुप्पट वेगाचा झोत देऊ शकतो. लाखो पटींचा लाभ भट्टीच्या भिंतीपाशीच अडकून पडतो. यातून पोलिश-अमेरिकन गणिती स्टॅनिस्लॉ उलाम यांनी वेगळीच वाट काढली. उष्णता भांड्यात कोंडायचीच कशाला? स्फोट यानाच्या बाहेर होऊ द्यावा आणि त्याचा नुसता धक्का घ्यावा. उलाम आणि कॉर्नेलियस एव्हरेट यांनी १९५५ मध्ये लॉस ॲलामॉस येथे या कल्पनेवर एक गुप्त अहवाल लिहिला.

यंत्र कसे चालावयाचे होते?

कागदावरील ही कल्पना प्रकल्पाच्या रूपात आणली ती टेड टेलर यांनी. लॉस ॲलामॉस येथे अणुबॉम्बची रचना करण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता असे हे शास्त्रज्ञ पुढे सॅन डिएगो येथील 'जनरल ॲटॉमिक' या कंपनीत आले. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेतून रजा घेऊन फ्रीमन डायसन त्यांना येऊन मिळाले. १९५८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने पहिले अनुदान दिले. 'मंगळ १९६५ पर्यंत, शनी १९७० पर्यंत' ही या मंडळींची घोषणा होती आणि त्या प्रवासात स्वतः बसण्याची त्यांची तयारी होती.

त्यांच्या आराखड्यांपैकी एक यान चार हजार टनांचे होते. त्याच्या तळाशी धातूची जाड, प्रचंड तबकडी, तिच्यावर धक्के शोषणारी दुहेरी यंत्रणा आणि त्या सर्वांच्या वर माणसे व सामान. तबकडीच्या मध्यभागी असलेल्या छिद्रातून सेकंदाला सुमारे एक या गतीने छोटे बॉम्ब खाली टाकायचे आणि काही दशक मीटर अंतरावर ते फुटू द्यायचे. निर्वात अवकाशात नुसत्या स्फोटाचा धक्का फारसा बसत नाही, कारण तेथे हवा नसते. म्हणून प्रत्येक बॉम्बच्या वेष्टनात टंगस्टनसारख्या जड पदार्थाची चकती बसवायची. स्फोटाच्या उष्णतेने तिची वाफ होऊन ती झोताच्या रूपाने तबकडीवर आदळायची. तो झोत कित्येक हजार अंश तापमानाचा असला तरी तबकडीला त्याचा स्पर्श एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ होतो. तेवढ्या वेळात धातू फारसा झिजत नाही. वर तेलाचा पातळ थर फवारला तर झीज आणखी कमी होते. पृथ्वीवरून कक्षेत जाण्यास असे सुमारे ८०० बॉम्ब लागतील आणि जमिनीलगतचे बॉम्ब हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या साधारण शंभराव्या हिश्श्याचे असतील, असा अंदाज होता. बॉम्ब एकामागून एक अचूक खाली सोडण्याची यंत्रणा कशी असावी, याचा विचार करताना कोका-कोलाच्या बाटल्या देणाऱ्या यंत्रांचीही माहिती घेण्यात आली होती.

हे सारे नुसते आकड्यांचे खेळ नव्हते. पॅसिफिक महासागरातील एनिवेटॉक येथील एका अणुचाचणीत ग्राफाइटचा लेप दिलेले पोलादी गोळे स्फोटाच्या केंद्रापासून अवघ्या दहा मीटरांवर टांगले होते. ते पुढे जवळजवळ जसेच्या तसे सापडले. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी सॅन डिएगोजवळ सुमारे एक मीटर व्यासाची प्रतिकृती सहा रासायनिक स्फोटांच्या जोरावर सुमारे ५६ मीटर उंच गेली आणि हवाई छत्रीने सुखरूप खाली उतरली. धक्क्यांनी ढकललेले यान कोलमडत नाही, सरळ वर जाते, एवढे त्यातून दिसून आले. अर्थात तबकडी शेकडो स्फोट सोसेल का, एखादा बॉम्ब फुटलाच नाही तर धक्काशोषकांचे काय होईल, तिरपा स्फोट झाला तर यान कसे सावरावे, हे प्रश्न शिल्लक होते. पण प्रत्यक्ष अणुस्फोटाशिवाय त्यांची शेवटची उत्तरे मिळणार नव्हती.

तुकड्यांनी न करता येणारा खर्च

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे अविभाज्यतेचा प्रश्न चटकन ओळखू यावा. रासायनिक अग्निबाण लहानापासून मोठ्यापर्यंत पायरीपायरीने वाढविता येतो; प्रत्येक पायरीवर थोडा पैसा घालून थोडे शिकता येते. ओरायनचे तसे नव्हते. अणुबॉम्ब कितीही लहान केला तरी त्याला लागणारे प्लुटोनियम त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून लहान यान महाग पडते आणि जितके यान मोठे तितके ते किफायतशीर ठरते. परिणामी ज्याची उपयुक्तता सिद्ध व्हायची होती, ते पहिल्याच फटक्यात अवाढव्य प्रमाणावर बांधणे भाग होते. एवढी उडी कोणतेही खाते स्वतःच्या अंदाजपत्रकाच्या भरवशावर घेत नाही.

शिवाय हा प्रकल्प कोणाचा, हेच ठरत नव्हते. संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेकडून १९६० मध्ये तो हवाई दलाकडे गेला. हवाई दलाला खर्चासाठी लष्करी कारण दाखवावे लागे. म्हणून ओरायनला युद्धनौकेचे रूप देण्याचे आराखडे निघाले. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना अशी शस्त्रसज्ज प्रतिकृती दाखविण्यात आली आणि ती पाहून ते अस्वस्थ झाले, असे सांगितले जाते. नागरी अवकाश संस्थेने, म्हणजे 'नासा'ने, १९६३ नंतर थोडा पैसा दिला. 'सॅटर्न ५'च्या डोक्यावर बसेल असे दहा मीटर व्यासाचे लहान ओरायनही आखले गेले. आठ अंतराळवीरांना घेऊन मंगळाची जा-ये सुमारे १२५ दिवसांत करण्याचा त्यात विचार होता. पण त्या संस्थेचा पैसा आणि प्रतिष्ठा १९६१ पासून चंद्रावर लागलेली होती. अपोलो योजनेवर सुमारे २,५०० कोटी डॉलर खर्च झाले. ओरायनवर सात वर्षांत मिळून सुमारे एक कोटी. बॉम्बची रचना गुप्त असल्यामुळे लोकांपुढे जाऊन पाठिंबा मागण्याचीही सोय नव्हती. १९६५ च्या प्रारंभी प्रकल्प संपला. त्याच वर्षी डायसन यांनी त्याचा मृत्युलेख लिहिला. संरक्षण खाते, 'नासा', चाचणीबंदी कराराचे पुरस्कर्ते आणि एकंदर शास्त्रज्ञवर्ग, अशा चौघांना त्यांनी या मृत्यूचे वाटेकरी ठरविले होते.

राखेचा हिशेब

या चौघांपैकी कराराची बाजू सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा होता. जमिनीवरून ओरायन उडाले की शेकडो स्फोटांची किरणोत्सारी राख वातावरणात मिसळणार. ती वाऱ्याबरोबर देशोदेशी जाणार आणि पावसाबरोबर शेतांत व कुरणांत उतरणार. डायसन यांनी स्वतःच याचा हिशेब मांडला होता: एका उड्डाणामागे जगात सरासरी ०.१ ते १ माणूस कर्करोगाने मरेल. अत्यल्प किरणोत्सर्गही त्या प्रमाणात अपाय करतोच, या गृहीतकावर हा अंदाज उभा आहे. मरणारा माणूस कोण, कोठला, हे कोणालाच कधी कळणार नाही. कदाचित तो अजून जन्मलेलाही नसेल.

एका बाजूने पाहिले तर हा आकडा लहान आहे. धरण बांधताना, खाण खोदताना, रेल्वेचा बोगदा पाडताना माणसे मरतात आणि तरीही समाज ती कामे करतो. अमेरिका आणि सोव्हिएत संघ त्या काळी जे महास्फोट करीत होते, त्यांच्या तुलनेत ओरायनची भर नगण्यच होती. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी सोव्हिएत संघाने फोडलेला एकच बॉम्ब सुमारे ५० मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या तीन हजार पटींहून मोठा होता. ओरायनच्या बाजूने असा युक्तिवाद करता येत होता.

पण या युक्तिवादात दोन दोष आहेत. पहिला असा की, शेजारी अधिक घाण करतो म्हणून आपली थोडी चालते, हे म्हणणे शेजाऱ्याने घाण थांबविली की उरत नाही. वातावरणातील चाचण्या बंद होताच ओरायनची राख कशाशीही तुलना न करता स्वतःच्या पायावर समर्थनीय ठरविणे भाग पडले असते. दुसरा दोष अधिक खोलवरचा आहे. बोगद्यातील कामगार धोका जाणून कामावर येतो, त्याची मजुरी घेतो, त्याच्या घरच्यांना निदान कायद्याने भरपाई मागता येते आणि ज्या देशासाठी तो राबतो त्या देशाला रेल्वे मिळते. राखेने मरणाऱ्याला यांपैकी काहीच मिळत नाही. त्याला कोणी विचारलेले नसते. लाभ एका राष्ट्राचा आणि हानी साऱ्या जगात विखुरलेली. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. शून्य दशांश एक हा आकडा लहान असला, तरी ती किंमत ठरविण्याचा अधिकार किंमत न मोजणाऱ्याच्या हाती असणे ही गोष्ट लहान नाही.

अशी किंमत मोजलेली माणसे जगाने त्यापूर्वीच पाहिली होती. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख 'लकी ड्रॅगन' या जपानी मासेमारी नौकेवर पडली. तिच्यावरील २३ जण आजारी पडले आणि आयकिची कुबोयामा हा त्यांच्यातील एक जण त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. त्या चाचणीनंतर महिन्याभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या स्थगित करण्याची मागणी केली. ज्यांच्याकडे बॉम्ब नव्हते पण ज्यांच्या आभाळातून राख जाणार होती, त्यांच्या वतीने केलेली ती एक आरंभीची मागणी होती.

करार आणि त्याचे शब्द

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी अंशतः चाचणीबंदीचा करार केला. तीनच दिवसांनी भारताने त्यावर सही केली. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली शस्त्रांच्या चाचण्याच नव्हेत, तर अन्य कोणताही अणुस्फोट या कराराने निषिद्ध ठरविला. हे 'अन्य कोणताही' शब्दच ओरायनच्या मुळावर आले. येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी आहे. १९६० मध्ये डायसन यांनी चाचणीबंदीच्या विरुद्ध लेख लिहिला होता. १९६३ मध्ये त्याच डायसन यांनी अमेरिकी सिनेटपुढे कराराच्या बाजूने साक्ष दिली. आपल्या आवडत्या यानाचा मार्ग या कराराने बंद होणार हे त्यांना ठाऊक होते.

हेतू शांततेचा असेल तर स्फोट का चालू नये, असा आक्षेप यावर घेतला जातो. त्याचे उत्तर भारताच्या अनुभवातही आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेला स्फोट जमिनीखालचा होता, त्यामुळे १९६३ च्या कराराचा भंग झाला नाही आणि भारताने त्याला शांततेसाठी केलेला स्फोट म्हटले. तरीही जगाने तो शस्त्राचाच स्फोट मानला आणि अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन निर्बंध घातले. कारण उघड आहे. हेतू निराळा असला तरी वस्तू निराळी नसते. ओरायनच्या पोटात शेकडो बॉम्ब असणार, म्हणजे ते बनविणारे कारखाने, साठविणारी कोठारे आणि वाहून नेणारी यंत्रणा असणार. यानाचे इंधन म्हणून ठेवलेला साठा उद्या शस्त्रागार ठरणार नाही, याची हमी कोण कोणाला देणार? बॉम्ब बनविण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविलेले टेलर पुढे अणुसामग्री चुकीच्या हाती पडण्याच्या धोक्याविषयी सतत इशारे देत राहिले, हेही येथे लक्षात घ्यावे.

यान आधी रासायनिक अग्निबाणाने वर नेऊन अवकाशातच स्फोट सुरू करावेत, म्हणजे राखेचा प्रश्न मिटेल, असेही सुचविले जाते. राख कमी होईल हे खरे. पण अडचणी संपत नाहीत. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने 'स्टारफिश प्राइम' या चाचणीत ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा बॉम्ब फोडला, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर दूरच्या हवाई बेटांवर रस्त्यांतील दिवे विझले आणि पृथ्वीभोवती अडकलेल्या कणांनी पुढील काही महिन्यांत अनेक उपग्रह निकामी केले. त्या वेळी कक्षेत मोजकेच उपग्रह होते. आज हजारो आहेत आणि दूरध्वनीपासून हवामानाच्या अंदाजापर्यंतचे व्यवहार त्यांच्यावर अवलंबून आहेत. ओरायनचे बॉम्ब लहान असले तरी संख्येने शेकडो असणार. ते वर नेणारा अग्निबाणच कोसळला तर काय, हाही प्रश्न आहे. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला. किरणोत्सारी तुकडे गोळा करण्याचा खर्च कॅनडाने मागितला आणि अखेर सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. निर्जन बर्फाळ प्रदेशातील एका भट्टीची ही कथा. १९६७ च्या अवकाश कराराने तर अण्वस्त्रे कक्षेत ठेवण्यासच मनाई केली आहे. १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी कराराने सर्वच अणुस्फोट वर्ज्य ठरविले आहेत; तो अद्याप अमलात आलेला नाही आणि भारताने त्यावर सही केलेली नाही, हे मात्र खरे.

घाई कोणाला आहे?

ओरायनचे आकर्षण खोटे नाही. १९६८ मध्ये डायसन यांनी ही कल्पना ताऱ्यांपर्यंत ताणून पाहिली: चार लाख टनांचे यान, एक मेगाटनाचे तीन लाख बॉम्ब, सेकंदाला १०,००० किलोमीटर वेग आणि सुमारे १३० वर्षांत सर्वांत जवळच्या ताऱ्याजवळ आगमन. खर्च त्या काळचे १०,००० कोटी डॉलर. अमेरिकेचे उत्पन्न दरसाल ४ टक्क्यांनी वाढत राहिले तर सुमारे दोनशे वर्षांत हा खर्च सहज पेलेल, असे त्यांचे म्हणणे होते. चक्रवाढीचे गणित चुकत नाही. ४ टक्क्यांच्या दराने कोणतीही रक्कम १७६ वर्षांत हजार पट होते. पण त्या गणितातूनच एक निराळा निष्कर्षही निघतो. उद्या जे स्वस्तात आणि कदाचित बॉम्बशिवाय करता येईल, ते आज इतरांच्या जिवावर करण्याची घाई कशासाठी? ब्रिटिश आंतरग्रहीय संस्थेने १९७३ ते १९७८ या काळात आखलेल्या 'डेडॅलस' यानात बॉम्बऐवजी इंधनाच्या लहान गोळ्या वापरण्याची कल्पना होती. तीही दूरची आहे. पण शोधाची दिशा बदलू शकते, हे त्यातून दिसते.

एक प्रसंग मात्र वेगळा ठरेल. एखादा मोठा लघुग्रह खरोखरच पृथ्वीच्या रोखाने येत असेल तर त्याला ढळविण्यासाठी अणुस्फोट वापरावा का, हा प्रश्न शास्त्रज्ञ गंभीरपणे चर्चितात. तेथे लाभ आणि धोका दोन्ही साऱ्या जगाचे असतील. म्हणूनच तो निर्णय सर्व राष्ट्रांनी मिळून, साठ्यावर संयुक्त देखरेख ठेवून आणि भरपाईची जबाबदारी आधी लेखी ठरवून घ्यावा लागेल. हीच कसोटी ओरायनसारख्या प्रत्येक योजनेला लावली पाहिजे. ज्यांच्या आभाळातून राख जाणार त्यांची संमती आधी, उड्डाण नंतर. १९६३ चा करार या क्रमाची किमान तरतूद आहे. वेगवान यानाच्या मोहाने त्यात पळवाट काढण्याचे प्रयत्न पुढेही होतील. त्या वेळी भारतासारख्या, पहिल्या महिन्यातच सही करणाऱ्या देशाने आपले १९५४ चे म्हणणे विसरू नये.